उपेक्षित कठडा

प्राणिसंग्रहालयांच्या इतिहासात कुंपणाची हकिगत बहुधा मुक्तीची हकिगत म्हणून सांगितली जाते. आधी लोखंडी गज होते, मग गज जाऊन खंदक आले, पुढे काच आली, आणि दर टप्प्यावर प्राण्याच्या वाट्याला थोडी अधिक मोकळीक आली, असा तिचा सूर असतो. त्यात तथ्य आहे. चार पावलांच्या पिंजऱ्यात दिवसभर येरझाऱ्या घालणारा वाघ आणि आजच्या एखाद्या चांगल्या संग्रहालयात गवतात पहुडलेला वाघ यांच्या जगण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण गेल्या साडेतीनशे वर्षांतली कुंपणे एकेक करून तपासली, तर त्यांची निवड करताना पहिला विचार बहुतेक वेळा पाहणाऱ्याच्या डोळ्याचा झालेला दिसतो, दुसरा प्राण्याच्या उडीचा. आणि ज्या बाजूला माणूस उभा असतो तिथल्या कठड्याचा विचार सर्वांत शेवटी, पुष्कळदा अपघात घडून गेल्यावर. प्राण्याच्या बाजूचे कुंपण दिसेनासे करण्याच्या नादात माणसाच्या बाजूचे कुंपणही आपण दुबळे करून ठेवले आणि त्याची किंमत अनेकदा प्राण्याने मोजली, असे माझे म्हणणे आहे.

राजेरजवाड्यांच्या पशुशाळांपुढे हा प्रश्नच नव्हता. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी वास्तुकार लुई ल व्हो याने १६६०च्या दशकात व्हर्सायला बांधलेल्या पशुशाळेच्या मध्यभागी एक अष्टकोनी मंडप होता आणि प्राण्यांची आवारे त्याच्या चहूबाजूंनी बाहेर फाकत गेली होती. मंडपाच्या सज्जात उभे राहिले की राजाला जागचे न हलता सगळी आवारे दिसत. व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात १७५२ मध्ये उभारलेल्या पशुशाळेची रचना याच धर्तीवरची. १३ आवारे, आणि त्यांच्या मधोमध पुढे १७५९ मध्ये बांधलेला मंडप. आवाराच्या भिंती कुठे येणार आणि जाळी कुठे येणार हे मध्यभागी बसणाऱ्या एका माणसाच्या दृष्टीवरून ठरत होते. आपल्याकडे पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता. गंगाराम तांबट या चित्रकाराने नोव्हेंबर १७९० मध्ये काढलेले तिथल्या गेंड्याचे चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. दरबारातला प्राणी म्हणजे वैभवाचा पुरावा. तो पाहायला येणारे मोजके, बोलावलेले आणि नोकरचाकरांच्या देखत वावरणारे असत. त्यांना आवरण्यासाठी वेगळे कुंपण लागत नव्हते, दरबारी शिस्त तेवढे काम करत होती.

जनता आत आली तेव्हा चित्र पालटले. पॅरिसच्या जार्दें दे प्लांतमध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत सार्वजनिक पशुशाळा सुरू झाली, लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेची बाग १८२८ मध्ये सभासदांसाठी आणि १८४७ मध्ये सर्वांसाठी उघडली. मुंबईची राणीची बाग १८६२ ची, कोलकात्याचे अलीपूर १८७६ चे. या बागांत गर्दी होती, लहान मुले होती, रविवारचा उत्साह होता. लंडनच्या अस्वलांच्या खड्ड्यात मधोमध एक खांब रोवलेला असे. काठावरचे प्रेक्षक तिथेच विकत मिळणारे पाव पुढे करत आणि अस्वल खांबावर चढून ते घेई. म्हणजे प्राणी आणि प्रेक्षक यांनी एकमेकांपर्यंत पोहोचावे, हीच त्या खड्ड्याची योजना होती. मोठ्या मांजरकुळातल्या प्राण्यांसाठी मात्र जाड गज आणि गजांपुढे काही अंतरावर आडवी लोखंडी दांडी अशी दुहेरी व्यवस्था हळूहळू रूढ झाली. गजांचा पिंजरा प्राण्याच्या दृष्टीने वाईटच होता. खरे तर फार वाईट होता. अपुरी जागा, ओली फरशी, लपायला कोपरा नाही. तरीही त्याचा एक गुण मान्य केला पाहिजे. आत काय आहे आणि बाहेरच्याने कुठे थांबायचे हे तो पाहणाऱ्याला न बोलता सांगत असे. गजांवर टीका करताना हा गुण आपण हिशेबात धरला नाही, आणि गज काढताना त्याच्या जागी दुसरे काही ठेवलेही नाही.

गज काढण्याचे श्रेय हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेकला दिले जाते. त्याचा बाप मासळीचा व्यापारी होता. त्याने १८४८ मध्ये जाळ्यात सापडलेले सील पैसे घेऊन लोकांना दाखवले आणि त्यातून घराण्याचा प्राण्यांचा धंदा सुरू झाला. मुलगा कार्ल युरोपातला सर्वांत मोठा प्राणी-व्यापारी झाला. हजारो प्राणी हाताळलेला हा माणूस होता, त्यामुळे कोणता प्राणी कशाला बिचकतो आणि किती उडी मारतो याचे त्याचे ज्ञान पुस्तकी नव्हते. सिंह-वाघांची उडी त्याने चाचण्या घेऊन मोजली आणि त्यावरून खंदकाची रुंदी ठरवली. १८९६ मध्ये त्याने आपल्या रचनेचे पेटंट घेतले आणि ७ मे १९०७ रोजी हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगेन येथे आपले उद्यान उघडले. उर्स एगेनश्विलर या स्विस शिल्पकाराने तिथे सिमेंटचे कडे उभारले. पुढे पाणपक्ष्यांचे तळे, त्यामागे चरणाऱ्या प्राण्यांचे कुरण, त्यामागे सिंहांची घळ आणि सर्वांत मागे डोंगरी बोकडांचे सुळके. या सगळ्यांमधले खंदक झाडाझुडपांनी आणि जमिनीच्या उंचसखलपणाने झाकलेले. प्रेक्षक ठरावीक जागी उभा राहिला की झेब्रे आणि सिंह एकाच रानात वावरत आहेत असे त्याला वाटे.

पेटंट कशाचे होते हे पाहिले म्हणजे हागेनबेकच्या मनातला अग्रक्रम उमगतो. ते प्राण्याला मोकळी जागा देण्याच्या पद्धतीचे नव्हते, ‘पॅनोरमा’चे होते, म्हणजे एका जागेवरून दिसणाऱ्या देखाव्याचे. व्हर्सायच्या सज्जातून राजा जे पाहत होता तेच आता तिकीट काढणाऱ्याला मिळाले, भिंती दिसेनाशा करून. हा माणूस खेळ मांडण्यात वाकबगार होता. १८७४ पासून तो दूरदेशीची माणसेसुद्धा प्रेक्षकांसमोर ‘नैसर्गिक’ देखाव्यात मांडत आला होता, आणि स्टेलिंगेनमध्येही ते प्रकार चालू राहिले. उत्तर ध्रुवाकडचे लोक आणि त्यांचे रेनडिअर यांना एकाच तिकिटात दाखवणाऱ्याने कुंपण लपवण्याची कला त्या मांडवांतच घोटून घेतली होती, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनीही नजरेआड करू नये. याचा अर्थ त्याच्या खंदकाने प्राण्याचे भले केले नाही असा मुळीच नाही. जागा वाढली, माती आली, ऊन-पाऊस आला. पण हे भले देखाव्याच्या पोटातून आले, आणि म्हणून देखाव्याला जिथे प्राण्याची गरज आड आली तिथे खंदक प्राण्यावर उलटलाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स संग्रहालयातला माकोको नावाचा नर गोरिला १९५१ मध्ये पाण्याच्या खंदकात बुडून मेला. गोरिलाला पोहता येत नाही. ज्या कारणाने पाणी हे त्याच्यासाठी उत्तम कुंपण मानले गेले, त्याच कारणाने ते त्याचा मृत्यू ठरले. कोरड्या खंदकात हत्ती घसरून पडल्याच्या घटनाही अनेक संग्रहालयांनी पाहिल्या आहेत.

खंदकाची पद्धत झपाट्याने पसरली. लंडनने १९१४ मध्ये मॅपिन टेरेसेस हा अस्वल आणि डोंगरी प्राण्यांसाठीचा सिमेंटचा डोंगर उभारला, अमेरिकेत डेन्व्हरने १९१८ मध्ये खऱ्या कड्यांचे साचे घेऊन अस्वलांचा डोंगर केला, आणि डेट्रॉइटने १९२८ मध्ये जवळजवळ संपूर्ण संग्रहालयच गजांवाचून उघडले. डेट्रॉइटच्या उद्घाटनाच्याच दिवशी मॉरिस नावाचे पांढरे अस्वल खंदक ओलांडून प्रभारी महापौरांपुढे येऊन उभे राहिले. धोक्याची कल्पना नसलेले महापौर हात पुढे करून त्याच्याकडे चालू लागले. रखवालदारांनी धावत येऊन अस्वलाला मागे हटवले. कोणाला इजा झाली नाही, पण पुढच्या शंभर वर्षांचा प्रश्न त्या एका प्रसंगात होता. अस्वलाने खंदक ओलांडला हा त्यातला अर्धा भाग. गज नसलेल्या जागी समोर अस्वल पाहून माणसाला भीती वाटली नाही, हा दुसरा आणि अधिक बोलका भाग.

भारतात हे तंत्र थेट हॅम्बुर्गहून आले. दिल्लीच्या संग्रहालयाची आखणी सुरुवातीला सिलोनच्या प्राणिसंग्रहालयाचे मेजर वाइनमन यांच्याकडे होती. नंतर ते काम कार्ल हागेनबेकचा नातू कार्ल-हाइनरिख हागेनबेक याच्याकडे गेले. त्याने मार्च १९५६ मध्ये प्राथमिक आराखडा दिला आणि त्यात खंदकांच्या आवारांची शिफारस होती. संग्रहालय १९५९ मध्ये उघडले. पुढच्या काळात भारतात नव्याने झालेल्या अनेक संग्रहालयांनी वाघ-सिंहांसाठी खंदक हेच आधुनिकतेचे लक्षण मानले. आराखड्याबरोबर उडीची मापे आली, खंदकाची रुंदी आली. सुट्टीच्या दिवशी दिल्लीत किंवा कोलकात्यात लोटणारी गर्दी कठड्याशी कशी वागते, मूल कडेवर घेऊन कठड्यावर किती झुकते, याचे माप मात्र कोणत्याही परदेशी आराखड्यात येणे शक्य नव्हते. ते इथे घ्यायला हवे होते.

प्राण्याला कुंपण कसे दिसते याचा गंभीर अभ्यास स्टेलिंगेननंतर पस्तीस वर्षांनी सुरू झाला. बर्न, बाझेल आणि झुरिक या तीन संग्रहालयांचा संचालक राहिलेल्या हाइनी हेडिगरने १९४२ मध्ये बंदिवासातल्या वन्यप्राण्यांवर पुस्तक लिहिले. रानातला प्राणीही मनमानेल तिथे हिंडत नाही, तो आपल्या हद्दीत राहतो, आणि आवार चांगले असेल तर तो त्यालाच आपली हद्द मानतो, हे त्याचे प्रतिपादन होते. त्याचबरोबर त्याने पळण्याच्या अंतराचा मुद्दा मांडला. शत्रू ठरावीक अंतराच्या आत आला की प्राणी पळतो. पळायला जागा नसेल आणि शत्रू आणखी जवळ आला की तो उलटतो. हे मान्य केले की बाहेरच्या कठड्याचा अर्थ बदलतो. प्रेक्षकाला पाच-सहा फूट मागे ठेवणारा कठडा प्रेक्षकाच्या रक्षणापुरता नसतो. आतल्या प्राण्याला न उलटता बसून राहता यावे म्हणूनही तो असतो. हद्दीच्या बाबतीत हेडिगरचे म्हणणे ओडिशातल्या नंदनकाननने वेगळ्या रीतीने दाखवून दिले. तिथे १९६७ मध्ये शेजारच्या जंगलातली एक वाघीण बाहेरून उडी मारून वाघांच्या आवारात आली. आतला वाघ हे तिच्या येण्याचे कारण. २०१३ मध्येही एक रानवाघ याच संग्रहालयात शिरला आणि काही आठवड्यांनी कुंपण चढून निघून गेला. प्राणी कुंपण ओलांडतो किंवा ओलांडत नाही, हे उंचीइतकेच कारणावर अवलंबून असते. भूक, भीती, जोडीदार, डिवचणे, यांपैकी काही नसेल तर साधा अडसरही पुरतो. बेल्जियममधल्या अँटवर्पने १९४८ मध्ये पक्ष्यांसाठी एक दालन असे केले की त्यात जाळी नाही आणि काचही नाही. पक्षी उजेडात, प्रेक्षक अंधारात. पक्षी अंधाराकडे उडत नाहीत, म्हणून ते आपल्या जागीच राहतात. प्राण्याचा स्वभाव जाणून निवडलेल्या कुंपणाचे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

प्राण्याच्या बाजूचा अभ्यास असा खोल होत गेला, आणि माणसाच्या बाजूला तीच जुनी दांडी राहिली. परिणाम नोंदलेले आहेत. कोलकात्यात १ जानेवारी १९९६ रोजी दोन तरुण दारूच्या नशेत शिवा नावाच्या वाघाला झेंडूचा हार घालायला त्याच्या आवारात उतरले. त्यांतला एक मारला गेला. गुवाहाटीत डिसेंबर २००७ मध्ये बाहेरचा कठडा ओलांडून एकाने छायाचित्रासाठी हात गजांपर्यंत नेला आणि जीव गमावला. त्याच महिन्यात नाताळच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत टाटियाना ही वाघीण खंदकातून बाहेर आली, तिने एका सतरा वर्षांच्या मुलाला मारले आणि पोलिसांनी तिला गोळ्या घातल्या. भिंतीची उंची १८ फूट असल्याचे संग्रहालयाने आधी सांगितले. मोजल्यावर ती जेमतेम साडेबारा फूट निघाली, आणि अमेरिकी संग्रहालय संघटनेची शिफारस होती १६.४ फुटांची. १९४० मध्ये बांधलेल्या त्या खंदकाचे खरे माप सदुसष्ट वर्षांत कोणालाही ठाऊक नसावे, हे मला त्या हल्ल्याइतकेच भयंकर वाटते. दिल्लीत २३ सप्टेंबर २०१४ रोजी एक तरुण पांढऱ्या वाघाच्या कोरड्या खंदकात गेला. विजय नावाचा तो वाघ काही मिनिटे नुसता समोर उभा होता, वरून लोक ओरडत होते, आणि मग वाघाने त्याला उचलले. २८ मे २०१६ रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटीत तीन वर्षांचा मुलगा साधारण तीन फुटांच्या कठड्यातून निघून खंदकात पडला आणि हरांबे या सतरा वर्षांच्या गोरिलाला गोळी घालावी लागली. कठड्याची उंची ४२ इंच झाली आणि त्याला दोरखंडाची जाळी लागली ती यानंतर. हे आवार १९७८ पासून लोकांसाठी खुले होते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की हे अपवाद आहेत. कोट्यवधी लोक दरवर्षी प्राणिसंग्रहालयात जातात आणि सुखरूप घरी येतात. अडतीस वर्षांत एकदा पडलेल्या मुलासाठी सगळी रचना बदलायची का? हा आक्षेप हलका नाही. पण अपघाताच्या संख्येवरून कठड्याची परीक्षा करणे म्हणजे एकाच प्रकारचे नुकसान मोजणे. कठड्यावरून रोज आत पडणारे शेंगदाणे, प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या आणि दगड कोणत्याच बातमीत येत नाहीत, आणि पोटात प्लास्टिक जाऊन मेलेल्या हरणाची गणना अपघातात होत नाही. शिवाय माणूस आत गेला की निकाल बहुतेक ठरलेला असतो, मग चूक कोणाचीही असो. हरांबेला आत काय चालले आहे हे समजण्याचा कोणताच मार्ग नव्हता, आणि ज्यांनी गोळी घातली त्यांच्यापुढेही दुसरा मार्ग नव्हता. जो निर्णय घेता आला असता तो कठड्याचा होता, आणि त्यासाठी अडतीस वर्षे होती.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. दारू पिऊन वाघाच्या अंगणात उतरणाऱ्यासाठी संग्रहालयाने किती करावे? शहाण्या माणसाने शहाण्यासारखे वागावे. हे नीतीच्या दृष्टीने बरोबर आहे आणि बांधकामाच्या दृष्टीने निरुपयोगी. रेल्वेचा फाटकवाला असो की विहिरीचा कठडा बांधणारा गवंडी, सार्वजनिक जागेत काम करणारा कोणीही सर्वांत बेसावध माणसाला धरून चालतो. शिवाय हार घालायला जाणारा माणूस वेडा म्हणून सोडून देता येत नाही. मोकळ्या हिरवळीवर, मध्ये काहीच न दिसता, लोळणारा वाघ त्याला वर्षानुवर्षे दाखवला गेला आहे. त्याच्या मनातली सलगी काही अंशी त्या देखाव्यानेच तयार केली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो प्राण्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांकडूनच येतो. सिअ‍ॅटलच्या वुडलँड पार्क संग्रहालयात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात डेव्हिड हँकॉक्स, वास्तुकार ग्रँट जोन्स आणि जॉन को यांनी गोरिलांसाठी जे आवार घडवले, त्यात प्रेक्षकाची पायवाटसुद्धा त्याच झाडीतून नेली. कुंपण दोन्हीकडून दिसेनासे झाले. यामागचा विचार असा, की खड्ड्यात वाकून पाहिलेल्या प्राण्याविषयी तुच्छता वाटते, तर त्याच्या रानात आपण पाहुणे म्हणून गेलो आणि तो आपल्याहून उंच जागी बसला असेल तर आदर वाटतो. मला हे पटते. खड्ड्याच्या काठावरून पाव फेकणाऱ्या पिढ्यांनी त्याचा उलटा पुरावा आधीच दिला आहे. पण आदर निर्माण होण्यासाठी कठडा लपवलाच पाहिजे हे मात्र यातून सिद्ध होत नाही. सिअ‍ॅटलच्या रचनेचे यश प्रेक्षकांची संख्या, पायवाटेची रुंदी, पाहण्याच्या मोजक्या जागा आणि आडोसे यांवर उभे होते. तिथली झाडी उचलून आपल्याकडच्या सुट्टीच्या गर्दीपुढे लावली आणि बाकीचे सोडून दिले, तर हाती नुसता लपलेला खंदक उरतो. देवळाच्या गाभाऱ्यापुढचा उंबरठा आदर कमी करत नाही. कुठे थांबायचे हे कळणे हा आदराचाच भाग आहे.

सध्या आपल्याकडे काचेचा काळ आहे. मुंबईच्या राणीच्या बागेत जुन्या गजांच्या पिंजऱ्यांच्या जागी आता वाघ-बिबट्यांसाठी काचेतून पाहण्याची आवारे झाली, हम्बोल्ट पेंग्विनांचे दालन २०१७ मध्ये उघडले. काचेचे गुण मोठे आहेत. वस्तू आत जात नाही, हात आत जात नाही, माणसाच्या श्वासातून जाणारे रोग माकड-वानरांपर्यंत पोहोचत नाहीत, आणि लहान मुलाला आईच्या कडेवर न चढता वाघ डोळ्यांच्या पातळीवर दिसतो. पण काच ही प्रेक्षकाला प्राण्यापासून शून्य अंतरावर आणते. हेडिगरने सांगितलेले अंतर तिथे संपते, आणि काचेवर थापा मारणाऱ्या शंभर हातांपासून दूर जायला प्राण्याला आत खोल जागा आणि झाडी नसेल, तर गजांच्या पिंजऱ्यातला ताण नव्या चकचकीत रूपात परत येतो. म्हणून काचेपुढेही हातभर अंतरावर एक कठडा हवा. त्याने छायाचित्र थोडे बिघडेल. बिघडू द्यावे.

मुंबईत, पुण्यात कात्रजला, नागपुरात गोरेवाड्याला यापुढे जी आवारे बांधली जातील, त्यांच्या आराखड्यांवर महापालिकांच्या आणि वनखात्याच्या समित्या बसतील. त्यांनी प्राण्याच्या बाजूच्या कुंपणासाठी त्या त्या प्राण्याचा अभ्यास करणाऱ्याचे म्हणणे ऐकावे, आणि माणसाच्या बाजूच्या कठड्याला अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब, स्वतंत्र माप आणि दरवर्षीची मोजणी द्यावी. मोजणीचा आकडा आवाराच्या पाटीवर लिहावा, म्हणजे रविवारी येणाऱ्या कोणालाही तो पडताळून पाहता येईल.